पाटी, फरशी आणि शिक्षक : कंटेम्पररी नृत्याचा स्टुडिओ निवडताना

'निवड' या विषयावर आपण या मालेत बरंच बोललो. व्यवसायाची निवड झाली, जोडीदाराची झाली. यावेळी एक चिठ्ठी आली आणि ती आम्हाला फार आवडली. चिठ्ठी पाठवणाऱ्या बाईंचं वय चौतीस. नोकरी करतात, दिवसभर खुर्चीत बसून काम. लहानपणी चार वर्षं कथक शिकलेल्या. आता त्यांना कंटेम्पररी डान्स शिकायचा आहे. पुण्यात त्यांना जमेल अशा अंतरावर तीन स्टुडिओ आहेत. तिन्हींच्या पाटीवर 'कंटेम्पररी' लिहिलेलं आहे आणि तिन्हींचे व्हिडिओ सुंदर आहेत. त्या विचारतात, यातला आपल्याला मानवणारा कोणता हे ओळखायचं कसं?

आता हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना कशाला, असं कुणाला वाटेल. नाचाच्या बाबतीत आम्ही जन्मभर प्रेक्षकांत बसलो, हे आधीच सांगून टाकतो. पण प्रश्न जितका नाचाचा आहे, त्याहून अधिक निवडीचा आहे, आणि तो फार जुना आहे. प्लेटोचा 'प्रोटॅगोरस' नावाचा एक संवाद आहे. त्यात हिपोक्रेटिस नावाचा एक तरुण (वैद्यकवाला हिपोक्रेटिस तो वेगळा) उजाडायच्या आत सॉक्रेटिसचं दार ठोठावतो. प्रोटॅगोरस अथेन्सला आलाय, मला त्याच्याकडे शिकायचंय, माझी शिफारस करा, म्हणतो. सॉक्रेटिस त्याला साधा प्रश्न घालतो : त्याच्याकडे जाऊन तू कोण होणार? पोराला उत्तर देता येत नाही, तो लाजतो. मग सॉक्रेटिस त्याला खाण्याच्या वस्तू आणि विद्या यांतला फरक समजावतो. आपल्या भाषेत सांगायचं तर असं : मंडईतून भाजी घेतली, ती पिशवीत घालून घरी आणता येते. घरी जाणत्या माणसाला दाखवता येते. किडकी निघाली तर टाकता येते, कारण ती अजून पोटात गेलेली नसते. विद्येला अशी पिशवी नाही. ती घेतली की घेतानाच आत गेली. मग बरी निघो, वाईट निघो, तुम्ही बदललेले असता.

सॉक्रेटिस हे मनाबद्दल बोलत होता. नाचाच्या बाबतीत ते थेट शरीराला लागू पडतं. सवय लागली या अर्थी आपण मराठीत 'अंगवळणी पडलं' म्हणतो, किती नेमका शब्द आहे पाहा. नाचाच्या वर्गात सहा महिने गुडघा आत वळवून उडी घेतलीत, तर ते वळण अंगाला पडलं. पुढच्या शिक्षकाला ते आधी उसवावं लागतं, मग नवं शिवायला सुरुवात. आणि 'तुला जमणार नाही, तुझं शरीर नाचाचं नाही' हे सहा महिने ऐकलंत, तर तेही अंगवळणी पडतं. आमच्या मते ते गुडघ्यापेक्षा वाईट. म्हणून ही निवड वरवर शौकाची दिसली तरी हलकी नाही.

यात एक पेच आहे. चांगला वर्ग कोणता हे ओळखायला नजर लागते, आणि ती नजर चांगल्या वर्गात शिकल्यावरच येते. म्हणजे ज्याला निवड करायची आहे, त्याच्याकडेच निवडीचं साधन नाही. हा पेच पुरता सुटत नाही. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या बिनशिकल्या डोळ्यालाही नीट दिसतात आणि त्या बोलतात बरंच. आज आपण त्या गोष्टी शोधू. व्हिडिओ त्यांत बसत नाही. व्हिडिओत नाच दिसतो, शिकवणं दिसत नाही.

आधी हे बघू, की आपली नेहमीची साधनं इथे का चालत नाहीत. कथक शिकायचं तर पुण्यातल्या माणसाला वाट माहीत असते. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती सुरू केली. त्यांच्या शिष्या आणि शिष्यांच्या शिष्या यांनी गावभर शिकवलं. 'तुम्ही कुणाकडे शिकलात?' एवढं विचारलं की निम्मं काम होतं. घराणं म्हणजे तरी काय, विश्वासाची साखळीच की. शिवाय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून विशारद आणि त्यापुढे. मूल कुठवर आलं हे आजीलाही कळतं. कंटेम्पररीत असं एक घराणं नाही, आणि 'विशारद' म्हटल्यावर जसा सगळ्यांना अर्थ लागतो तशी सर्वमान्य परीक्षाही नाही. भिंतीवर लावलेली सर्टिफिकिटं बहुतेक वेळा कार्यशाळांची असतात. ती खोटी नसतात, पण चार दिवसांची आहेत की चार वर्षांची, हे वाचावं लागतं.

बरं, पाटीवरचा शब्द तरी काही सांगतो का? 'कंटेम्पररी' म्हणजे समकालीन. कुणाला समकालीन? ते पाटी सांगत नाही. कारण हे एका नाचाचं नावच नाही. शंभर-सव्वाशे वर्षं चाललेल्या भांडणांचं ते एक सामायिक नाव आहे. इसाडोरा डंकनने बॅलेचे बूट काढून टाकले आणि ती अनवाणी नाचली. मार्था ग्रॅहमने १९२६ मध्ये स्वतःची मंडळी उभी केली आणि श्वासाबरोबर धड आकसणं आणि सुटणं यावर सगळं तंत्र रचलं. तिच्याच मंडळीत नाचलेला मर्स कनिंगहॅम बाहेर पडला आणि त्याने नाचातून गोष्ट काढून टाकली. जॉन केजबरोबर तर तो असं करायचा, की संगीत वेगळं तयार होणार, नाच वेगळा, आणि दोघांची गाठ रंगमंचावर पडणार. मग १९६२ साली न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये जमलेल्या तरुण मंडळींनी विचारलं, चालणं, बसणं, ओझं उचलणं हा नाच का नाही? त्यांतल्याच स्टीव्ह पॅक्स्टनने १९७२ मध्ये 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' सुरू केलं : दोन शरीरं एकमेकांवर भार टाकतात आणि त्या भारातून पुढची हालचाल निघते. तिकडे जर्मनीत पिना बाउशने १९७३ पासून वुपर्टालमध्ये नाच आणि नाटक यांची अशी सरमिसळ केली, की प्रेक्षक भांडून उठून जायचे.

आपल्याकडे प्रवाह वेगळा आहे, आणि तो निव्वळ उसना नाही. उदय शंकर १९२३ साली लंडनमध्ये अ‍ॅना पावलोवाबरोबर नाचले, आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं. तिथे शिकवणाऱ्या जोहरा सेहगल त्याआधी ड्रेस्डेनला मेरी विगमनच्या शाळेत शिकून आल्या होत्या. तिथे शिकणाऱ्यांत गुरुदत्त होते! 'प्यासा' पाहताना कॅमेरा आणि माणसं कशी हलतात ते बघा, अल्मोडा आठवेल. चंद्रलेखा तर जन्मल्या आपल्या वाड्याला. भरतनाट्यम शिकल्या, आणि १९८५ च्या 'अंगिका'मध्ये त्यांनी भरतनाट्यमला कळरीपयट्टूशेजारी उभं करून विचारलं, की या शरीराची ताकद नेमकी कुठून येते. मुंबईचे अस्ताद देबू कथक शिकले, लंडनला ग्रॅहमचं तंत्र शिकले, आणि पुढे अनेक वर्षं त्यांनी कर्णबधिर कलाकारांबरोबर आणि मणिपूरच्या थांग-टा कलाकारांबरोबर काम केलं. २०२० मध्ये ते गेले.

हे सगळं कंटेम्पररी. आणि २००९ साली टीव्हीवर 'डान्स इंडिया डान्स' सुरू झाल्यावर घराघरात पोचलं तेही कंटेम्पररी : भावपूर्ण गाणं, उंच उड्या, जमिनीवर घसरणं, हवेत उचललेली जोडीदारीण, डोळ्यांत पाणी. त्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. नाचणाऱ्या मुलाला, विशेषतः मुलग्याला, मध्यमवर्गीय घरात थोडा मान मिळाला तो त्या कार्यक्रमांमुळे, हे विसरू नये. पण त्यामुळे झालं असं, की पुण्या-मुंबईत एकाच पाटीखाली अगदी वेगवेगळ्या खोल्या तयार झाल्या. एका खोलीत दर महिन्याला एक गाणं बसवतात. दुसरीत ग्रॅहम, कनिंगहॅम, लिमोन किंवा 'रिलीज' अशा तंत्राचा रोजचा सराव असतो आणि गाणं वर्षातून एखादं. तिसरीत आशुरचना, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं हलणं, डोळे मिटून श्वास ऐकणं. चौथीत कळरी, योग, छाऊ यांतून घडवलेलं शरीर. बहुतेक स्टुडिओ यांची भेळ करतात, त्यालाही आमची हरकत नाही. भेळेत काय काय आहे ते मात्र विचारावं.

म्हणून पहिला प्रश्न फोनवरच करा : 'तुमच्याकडे कंटेम्पररी म्हणजे काय शिकवता? आणि तुम्ही स्वतः कुणाकडे, किती दिवस शिकलात?' उत्तरात तंत्रांची आणि गुरूंची नावं आली, 'पहिले तीन महिने आम्ही हे करतो' असं काही आलं, की तो माणूस आपल्या कामाचा विचार करतो एवढं समजलं. 'सगळं शिकवतो मॅडम, तुम्ही या तर खरं' असं आलं तर तो विकतोय. विकणं पाप नाही, पण आपल्याला पाहिजे ती माहिती त्यात नाही.

दुसरा प्रश्न स्वतःला करायचा, तो सॉक्रेटिसचाच : तिथे जाऊन मी काय होणार? पाठ मोकळी व्हावी, आठवड्यातून दोन संध्याकाळी ऑफिस डोक्यातून जावं, एवढंच हवं असेल तर तिसऱ्या प्रकारची खोली बरी. रंगमंचावर उभं राहायचंय तर पहिली किंवा दुसरी. ज्यांना हाच पेशा करायचा आहे त्यांना रोजचा, काही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आठवड्याला दोन तासांत ते होत नाही, आणि जो स्टुडिओ होतं म्हणून सांगतो त्याच्यापासून चार हात दूर राहावं. चिठ्ठीतल्या बाईंसारख्या कथक शिकलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कथकने तुम्हाला ताल दिलाय, पाय दिलेत, उभा कणा दिलाय. कंटेम्पररीत कणा वळतो, ओटीपोटापासून हालचाल निघते, आणि जमिनीवर लोळावं लागतं. म्हणजे तुम्ही नवशिक्याही आहात आणि नाहीही. अशा माणसाला कुठल्या बॅचमध्ये घालतात, हे विचारून बघा. विचार न करता 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये घालणारा स्टुडिओ तुमची स्तुती करतोय असं समजू नका.

आता प्रत्यक्ष जाऊन काय बघायचं. आम्ही म्हणू, आधी खाली बघा. फरशी!

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण सगळ्यात खरं बोलणारी वस्तू तीच. उडी मारून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो भार कुणीतरी पोटात घ्यायला हवा. जमीन घेत नसेल तर घोटा, नडगी, गुडघा आणि कंबर घेतात. नाचासाठी केलेली जमीन लाकडाची असते आणि ती थेट स्लॅबवर नसते. खाली पट्ट्यांची चौकट किंवा लवचीक थर असतो, म्हणजे ती किंचित दबते आणि परत येते. तिला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. वर बहुधा विनायलचा गुळगुळीत, पण न घसरणारा थर अंथरतात. आपल्या शहरांत मात्र पुष्कळ स्टुडिओ म्हणजे बंगल्याचा तळमजला किंवा व्यापारी इमारतीतला गाळा : स्लॅब, त्यावर सिमेंट, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स. नुसतं विनायल अंथरलं तर टाइल झाकली जाते, मऊ होत नाही. आणि जिमखान्यात असतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन? ते उडीला बरे वाटतात, पण गिरकी घेताना पाय त्यांत चिकटतो, वरचं शरीर फिरतं, खालचं थांबतं, आणि मधे असतो गुडघा.

ओळखायला अवघड नाही. चपला बाहेर काढून आत जा आणि टाच आपटून बघा. स्लॅबवर आवाज मेलेला येतो, पोकळी असलेल्या लाकडावर घुमतो. कुणी जवळ उडी मारली तर चांगल्या जमिनीवर ती तुमच्या तळव्याला कळते. आता, टाइल्स दिसल्या की परत फिरा असं आम्ही म्हणत नाही. स्प्रंग फ्लोअर महाग असतो, आणि भाड्याच्या जागेत तो घालणं तरुण शिक्षकाला परवडत नाही. पण टाइल्सवर शिकवणारा शहाणा शिक्षक उड्या कमी ठेवतो, सराव वेगळा रचतो, आणि विचारलंत तर तुम्हाला तसं सांगतो. टाइल्सवर चाळीस उड्या मारायला लावणारा शिक्षक, तो कितीही चांगला नाचत असला तरी, त्याने आपल्याबद्दलची महत्त्वाची माहिती दिलेली आहे.

फरशीनंतर पहिली पंधरा-वीस मिनिटं. शरीर तापवण्याला वेळ दिला जातो का, की सगळे जमले म्हणून गाणं लावलं? थंड शरीराने एकदम ताणून धरणं आणि मग उड्या, हा उलटा क्रम आहे. आधी हलत हलत सांधे मोकळे करायचे, नाडी थोडी वाढवायची. लांब ताण शेवटी. आणि कुणाच्या पाठीवर किंवा मांडीवर शिक्षक भार देऊन 'स्प्लिट' बसवत असेल, तर तिथून उठून यायला हरकत नाही. विशेषतः मूल वाढीच्या वयाचं असेल तर. इथे एक विरोधाभास सांगतो. ज्यांचे सांधे जन्मतः सैल असतात त्यांचं या नाचात फार कौतुक होतं, कारण पाय कानापर्यंत जातो. पण अशा शरीराला ताणण्याची नाही, ताकद वाढवण्याची गरज असते. 'तू तर एकदम फ्लेक्सिबल आहेस' म्हणून त्या मुलीला आणखी ताणणारा शिक्षक तिचं भलं करत नाही.

मग शिक्षक. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ मधल्या आपल्या पुस्तकात एक भेद केला, आम्ही तो दर वर्षी पहिल्या महिन्यात शिकवायचो : 'अमुक आहे हे माहीत असणं' वेगळं आणि 'अमुक करता येणं' वेगळं. पोहण्याचं पुस्तक पाठ असलेला माणूस बुडतो. नाचाच्या वर्गात त्याचा पुढचा भाग लागू पडतो. नाचता येणं हे एक करता येणं, आणि शिकवता येणं हे दुसरं. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. टीव्हीवर जिंकलेला नर्तक उत्तम शिक्षक असूही शकतो, पण जिंकला म्हणून नव्हे. मग अंदाज बांधायचा कशावरून? मागे भिंतीशी एक तास बसा आणि पुढच्या ओळीकडे बघू नका. वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या माणसाकडे बघा. असा एक असतोच. ताल चुकतो, डावं-उजवं उलटं होतं. शिक्षक त्याच्यापर्यंत पोचतो का? पोचला तर काय म्हणतो? 'नीट कर, नीट कर' हे शिकवणं नव्हे. 'वजन डाव्या पायावर आलेलं नाही, म्हणून उजवा उचलत नाही', हे शिकवणं. पहिल्या वाक्यात फक्त मत आहे. दुसऱ्यात कारण आहे आणि उपायही. हा फरक ओळखायला नाच यावा लागत नाही, मराठी कळलं की पुरे.

आणखी एक बघा : सगळे विद्यार्थी शिक्षकाची नक्कल दिसतात का? तोच मानेचा झटका, तोच चेहऱ्यावरचा करुण भाव. कथकमध्ये गुरूची छाप पडणं हे परंपरेचं काम आहे, तिथे ते शोभतं. कंटेम्पररीचा दावा असा, की तुझ्या शरीरातून तुझी हालचाल निघू दे. दावा तो आणि वर्गात वीस छायाप्रती, तर कुठेतरी गफलत आहे.

रील्सबद्दल दोन शब्द. अलीकडे पुष्कळ वर्गांत शेवटची वीस मिनिटं चित्रीकरणाला जातात. गट पाडतात, पुढे चांगले नाचणारे, मागे बाकीचे. आमचं मत विचाराल तर तासाभराच्या वर्गातली वीस मिनिटं म्हणजे तुमच्या फीचा तिसरा हिस्सा त्यांच्या जाहिरातीला गेला. चित्रीकरण नको म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर तोंड वाकडं होतं का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

आरशाबद्दल मात्र आपण थोडं थांबू, कारण इथे नर्तकांमध्येच एकमत नाही. आरसा असला की चूक चटकन दिसते, रांग सरळ राहते. पण आरशात दिसतं ते बाहेरून दिसणारं, सपाट शरीर. शरीराला आतून जी जाण असते, डोळे मिटून चमचा तोंडाशी बरोबर नेणारी, ती आरशाकडे बघता बघता मंदावते. शिवाय आरशाकडे बघायचं म्हणून मान कायम समोर राहते. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँटीने १९४५ मध्ये हेच पुस्तकभर मांडलं : शरीर ही माझ्यासमोरची वस्तू नाही, शरीरातूनच मला जग समोर येतं. इस्रायलच्या ओहाद नाहारीनने 'गागा' नावाची पद्धत केली, तिच्या वर्गात आरसा नसतो, आणि बघ्यांनाही बसू देत नाहीत. आत यायचं तर हलायचं. म्हणजे 'वर्ग बघू देणार नाही' असं कुणी म्हटलं तर ते लगेच संशयास्पद मानू नये. कारण विचारावं, आणि मग ट्रायल क्लास मागावा. आमची स्वतःची शिफारस अशी, की आरशावर पडदा असलेली खोली सगळ्यात चांगली. पडदा कधी ओढायचा हे जाणणारा शिक्षक आरशाबद्दल विचार केलेला असतो. आणि ज्या बाईंना चौतिसाव्या वर्षी आपल्या पोटाकडे बघून उगाच अपराधी वाटतं, त्यांच्यासाठी पहिले दोन महिने तो पडदा ओढलेला असणं फार मोलाचं आहे.

स्पर्शाचा मुद्दा आपल्याकडे संकोचाने टाळला जातो, तो टाळायचा नाही. या नाचात शिक्षक हाताने दुरुस्ती करतो, जोडीत भार घ्यावा-द्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. पण हात लावण्याआधी 'चालेल ना?' असं विचारण्याची पद्धत तिथे आहे का? आणि 'नको' म्हटल्यावर शिक्षक तोंडी सांगून तीच दुरुस्ती करू शकतो का? मूल पाठवत असाल तर वर्गाचं दार बंद असतं की काचेचं, एकट्या मुलाचा खासगी तास कुठे होतो, तक्रार करायची तर शिक्षकाखेरीज कुणाकडे, हे स्वच्छ विचारा. चांगल्या स्टुडिओला या प्रश्नांचा राग येत नाही. येत असेल तर उत्तर मिळालं.

इतकं बघून झालं की मग एक साक्षीदार उरतो, तो म्हणजे तुमचं शरीर. एक ट्रायल क्लास पुरत नाही, त्या दिवशी सगळेच गोड असतात. दोन-तीन आठवडे सुट्या तासांचे पैसे भरून जा, अनेक ठिकाणी 'ड्रॉप-इन'ची सोय असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोट भरून येणं, जिना उतरताना 'आई गं' होणं, हे स्नायूंचं दुखणं. ते दोन-तीन दिवसांत जातं. पण एकाच बाजूला, सांध्यात, सुईसारखं टोचणारं आणि प्रत्येक तासाला वाढणारं दुखणं हे वेगळं. ते शिक्षकाला सांगून बघा. 'सुरुवातीला होतं तसं' म्हणून वाटेला लावलं, की तुम्हाला कळलंच.

बाकीचं भराभर सांगतो. अंतर : सिंहगड रोडवरून संध्याकाळी सातला बाणेरला पोचायचं असेल तर तो स्टुडिओ उत्तम असला तरी तुमचा नाही, जुलैत पाऊस लागला की जाणं सुटेल. जवळचा बरा वर्ग लांबच्या उत्तम वर्गाला भारी पडतो. फी : वर्षाची एकदम भरू नका, सवलत कितीही असो. वार्षिक कार्यक्रमाचे आणि पोशाखाचे पैसे वेगळे का, त्यात भाग न घेता शिकता येतं का, मधे सोडलं तर काय, हे लेखी घ्या. एका वर्गात किती माणसं हे मोजा. शिक्षकाला तासाभरात प्रत्येकाचं नाव एकदा तरी घेता येईल इतकीच असावीत. कपडे पूर्ण लांबीचे, सुती, आणि गुडघ्याला नी-पॅड, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कातडी सोलून निघेल.

आता मागून एक चिठ्ठी आली आहे. एक गृहस्थ लिहितात, माझं वय अठ्ठावन्न, मी हे सगळं बायकोसाठी ऐकायला आलो होतो, पण आता मलाच जावंसं वाटतंय; हे हास्यास्पद आहे का?

बिलकुल नाही. पिना बाउशचं 'कॉन्टाक्टहोफ' नावाचं एक काम आहे, १९७८ चं. २००० साली तिने तेच काम पासष्टीपुढच्या बाया-पुरुषांना घेऊन पुन्हा बसवलं. ती माणसं व्यावसायिक नर्तक नव्हती. पुढे २००८ मध्ये किशोरवयीन मुलांना घेऊन तेच. हालचाली त्याच, पण सत्तरीची बाई जेव्हा केसांवरून हात फिरवते आणि कुणाची तरी वाट बघत उभी राहते, तेव्हा तो वेगळाच नाच होतो. तर या नाचात तुमच्या वयाला जागा आहे. तुमच्या गावातल्या स्टुडिओत आहे का, हे बघावं लागेल. आधी डॉक्टरांना गुडघे आणि रक्तदाब दाखवा. मग स्टुडिओत जाऊन एकच प्रश्न विचारा : 'बाकीचे उड्या मारतील तेव्हा मी काय करायचं?' एक शिक्षक म्हणेल, 'काका, तुम्ही तेवढा वेळ बसा.' दुसरा म्हणेल, 'तुम्ही तीच हालचाल टाच न उचलता करा, गुडघ्यात दाबून, वेळ तोच, या, दाखवतो.' दुसऱ्याकडे नाव घाला.